चाळीसपैकी चौदा हिस्से

नोकरीतले बरेच गुन्हे क्रमांक आता विसरलो, आरोपींचे चेहरेही पुसट झाले. एका प्रकरणातला अपूर्णांक मात्र अजून तोंडपाठ आहे.

मी तेव्हा कोकणातल्या एका जिल्ह्यात आर्थिक गुन्हे शाखेचा निरीक्षक होतो. ओमानमधल्या खाबुऱ्याहून एका वृद्ध बाईंची तक्रार आमच्याकडे आली होती. इंग्रजांच्या काळात आमच्या खाडीकाठी एक नाखुदा होता, म्हणजे स्वतःच्या गलबतावरून व्यापार करणारा माणूस. इकडे त्याची आंब्याची बाग होती, तिकडे खाबुऱ्याला खजुराची. बाईंचे म्हणणे असे की नाखुदाला दोन मुलगे आणि एक मुलगी होती. मुलगी खाबुऱ्याला दिली. आपण त्या मुलीची नात. उलट नाखुदाच्या थोरल्या मुलाच्या वंशातल्या एका गृहस्थाने प्रतिज्ञापत्रावर लिहून दिले होते की नाखुदाला दोन मुलगेच होते. त्या वंशावळीवर त्याने आंब्याच्या बागेला वारस लावून घेतले आणि बाग हॉटेलवाल्याला विकण्याचा करार केला. खरेदीखत तेवढे बाकी होते.

मी गावात चौकशी केली. प्रत्येकाने दोनच मुलगे सांगितले. तलाठ्याच्या दप्तरात मुलीचे नाव कुठेच नव्हते. वाद दिवाणी स्वरूपाचा आहे म्हणून ‘क’ समरी पाठवून फाइल बंद करावी, या विचारापर्यंत मी आलो होतो. त्याच सुमारास मला रजा मिळाली. माझी पत्नी मस्कतमध्ये अल् घुब्राच्या शाळेत शिकवते. मी तिच्याकडे गेलो.

घुब्राशेजारच्या अझैबात आम्ही ज्याच्याकडून कोकम आणि सुकट घेतो तो दुकानदार नेमका त्या खाडीकाठचाच निघाला. सामान पिशवीत भरताना मला म्हणाला, “साहेब, गावात विचारून काय होणार? त्यांच्या तोंडावर कोण बोलेल? आमची दादी सांगायची, नाखुदाची लेक खाबुऱ्याला दिलेली. सुक्या आंब्याची पोती भरून गलबत गेलं होतं लग्नाला.”

“जबाब देशील?”

“यल्ला, चला साहेब, अडीचशे ग्रॅम सुकट घ्या आणि निघा. मला गावाला परत जायचंय.”

मी अधीक्षकांना फोन केला. त्यांनी स्पष्ट बजावले, “भेटून ये. तिथे तुला कसलाही अधिकार नाही. जबाब घेऊ नकोस, कागदाला हात लावू नकोस.”

खाबुऱ्याला बाईंचा मुलगा मला रस्त्यावर घ्यायला आला. त्यांची बाग समुद्राच्या बाजूला होती; विहिरीचे पाणी मचूळ होत चालल्याने कडेची खजुराची झाडे वाळली होती. बाई चटईवर बसल्या होत्या. वय पंच्याहत्तरच्या पुढे. त्यांची कोकणी अरबी वळणाची, पण मला समजत होती.

“पोलीस?” त्यांनी मुलाला विचारले. मग मला म्हणाल्या, “बस. खजूर खा. माझी आजी जन्माला आलीच नाय, असा त्याने कोर्टाच्या कागदावर लिहून दिलाय. मग मी कोनाची?”

मी म्हटले, “काही पुरावा?”

“पुरावा! मी इथं बसलीय, तो काय?”

मुलगा हसला आणि आतून दोन कागद घेऊन आला. पहिला विक्रीचा होता. नाखुदा वारल्यावर त्याच्या धाकट्या मुलाने खजुराच्या बागेतला आपला हिस्सा शेजारच्या बागवाल्याला विकला होता. तो बागवाला म्हणजे या बाईंचा आजा. मुलाने अरबी वाचून हिंदीत अर्थ सांगितला: चाळीस हिस्सों में से चौदह. बहिणीचा उल्लेख त्यात कुठेच नव्हता. विकणाऱ्याने फक्त स्वतःपुरते लिहिले होते.

मला तो आकडा खटकला. दोनच मुलगे असते, तर मुस्लिम वारसा कायद्याप्रमाणे विधवेचा आठवा भाग काढून उरलेल्याचे दोन सारखे भाग झाले असते. प्रत्येकाला सोळापैकी सात, म्हणजे ०.४३७५. इथे तर ०.३५ होते. मी तिथेच मोबाइलवर एक मुलगी धरून पाहिली. मुलाला दोन तर मुलीला एक, या प्रमाणात आकडा शेवटच्या अंकापर्यंत जुळला. शंभर वर्षांपूर्वी कोणी लेखनिक बसला, त्याने बहिणीचे नाव लिहिले नाही. पण ती त्या भाजकात बसून राहिली होती. चाळीसचा आकडा तिच्याशिवाय येऊच शकत नव्हता.

दुसरा कागद त्या बहिणीची स्वतःची वसीयत, म्हणजे मृत्युपत्र होते. तो मी पुढे वापरणार होतो. दोन्हींच्या प्रमाणित प्रती आणि भाषांतरे बाईंच्या मुलाने दूतावासातून रीतसर करून पाठवली, तेव्हा मी आरोपीला हजर राहण्याची नोटीस काढली.

आरोपी साठी ओलांडलेला, इभ्रतदार. गावात कोणी वारले की हिस्से पाडायला लोक त्यालाच बोलावत. अशा माणसाला दरडावून काही मिळत नाही; त्याच्या हुशारीला वाट करून द्यावी लागते. हवालदाराला मी चहा सांगायला लावला.

“भाईसाहेब, एक हिशोब अडलाय. एका माणसाच्या बागेचे चाळीस हिस्से पडले. एका मुलाला चौदा आले. घरात कोण कोण होतं?”

“हे विचारायला बोलावलंत? बच्च्याला येईल,” तो हसला. “आठवा भाग बायकोचा, पाच. दोन भाऊ, चौदा आणि चौदा. राहिले सात, ती एक बहीण.”

“बहीण नसती तर?”

“मग चाळीस कशाला पाडतील? सोळा पाडतील. ज्याने चाळीस पाडले त्याच्या घरात लेक होतीच होती.”

मी विक्रीच्या कागदाची प्रत त्याच्यासमोर सरकवली. त्याला अरबी वाचता येत होती. नाखुदाच्या नावावर बोट आले आणि थांबले.

पोलिसांपुढचे असले बोलणे कोर्टात पुरावा ठरत नाही, हे मला माहीत होते. कागद पुरावा होता. मला पाहायचे होते ते एवढेच, की हा माणूस स्वतःच्या हिशोबाला खोटे म्हणतो का.

त्याने तसे म्हटले नाही. प्रत माझ्याकडे परत सरकवून बोलला, “लेक होती, हे ऐकलं होतं साहेब. पण पोरींची नावं वंशावळीत कोण घालतं? ती तिकडे गेली, तिकडचीच झाली.”

मग मी वसीयत दिली. नाखुदाच्या लेकीने आपल्या मालमत्तेचा तिसरा हिस्सा मशिदीच्या विहिरीला ठेवला होता आणि पुढे लिहिले होते: माझी मुलगी, जी समुद्रापलीकडे माझ्या थोरल्या भावाच्या मुलाला दिली आहे, तिचा वाटा तिला पोचवावा. खाली त्या मुलीचे नाव.

त्याने चष्मा काढून पुसला, परत वाचले. “ही माझी दादी,” तो म्हणाला. “आम्ही तिला मस्कतवाली म्हणायचो. मी लहान असतानाच गेली. ती कोणाची लेक, ते कधी कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.”

ज्या बाईला त्याने प्रतिज्ञापत्रावर नाहीशी केली होती, ती त्याच्या दादीची आई होती. नाखुदाची लेक समुद्र ओलांडून गेली आणि तिची लेक उलट फिरून त्याच घरात सून म्हणून आली. इकडच्या दप्तरात त्या दोघींचा पत्ता नाही. तिकडच्या दोन कागदांत दोघी आहेत. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ कागद पाहिले, पण एका किनाऱ्यावरचा कागद दुसऱ्या किनाऱ्यावरच्या माणसाला त्याची दादी परत देताना फक्त तेव्हाच पाहिला.

खोटे प्रतिज्ञापत्र दिल्याचा गुन्हा मिटत नव्हता. दोषारोपपत्र मी पाठवले. विक्रीचा करार रद्द झाला आणि त्याने स्वतः अर्ज करून वंशावळ दुरुस्त करून दिली.

पुढे मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि आता घुब्रालाच राहतो. मध्यंतरी खाबुऱ्याला गेलो, तेव्हा बाईंनी सांगितले की कोर्टात जामीन झाल्यावर आरोपीचा फोन आला होता; नात्याने त्या त्याची फुफी, म्हणजे आत्या लागत.

“म्हनाला, फुफी, माफ कर. मी म्हटलं, आता फुफी? आधी माझ्या आजीला कागदावर जन्माला घाल, मग फुफी म्हन.”

“मग?”

“मग काय, घातली त्याने.”

या प्रकरणाने मला एक सवय लावली. कोणतीही वंशावळ समोर आली की लिहिलेली नावे मी नंतर वाचतो. आधी त्या घरातल्या मुली कुठे दिल्या हे विचारतो. त्या दिवशी बाईंनी दुरुस्त वंशावळीची प्रत माझ्या हातात दिली आणि मराठीतून मोठ्याने वाचायला सांगितले. नाखुदाच्या नावाखाली दोन मुलगे आणि तिसरी मुलगी. मी मुलीचे नाव वाचले.

“परत वाच,” बाई म्हणाल्या.