जाळीवरची शाल
तापलेल्या लोकरीचा वास आला, की मला खडकीच्या क्वार्टरमधली ती काचेची पेटी आठवते. इतर घरांत पाल दिसली की झाडू शोधतात, आणि मी मात्र हौसेने एक परदेशी पाल पाळली होती. पेटी बाबांनी केली होती. कारखान्यात मुरलेला हात, काम चोख. आत शेवाळ आणि वेली, वेलींच्या वर दिवा, त्यावर जाळीचं झाकण आणि बाजूला तळाशी भोकं. "गार हवा खालून येईल, गरम वरून जाईल," असं त्यांनीच मला समजावलं होतं. मग जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. एका संध्याकाळी मी कामावरून आले, तर खोलीभर लोकरीचा वास, जाळीवर बाबांची शाल अंथरलेली, काचेला आतून घाम फुटलेला आणि पाल शेवाळावर निपचित. "गारठली असती गं ती," बाबा म्हणाले. "कारखान्यात तीस वर्षं हेच शिकलात का?" मी विचारलं. त्यांनी शाल उचलून तिची घडी घातली. दुसऱ्या दिवशी रिकाम्या पेटीच्या झाकणाच्या चौकटीवर, कारखान्यातल्या पाट्यांसारखी, ठसठशीत लाल अक्षरं होती : 'झाकू नये'. पुढे कितीतरी वर्षं ते रोज सकाळी आतला दिवा लावत राहिले, झाडांसाठी म्हणून. आणि त्यांची माफी मागायचं मी पुढे ढकलत राहिले. या हिवाळ्यात बाबा गेले. कुणीतरी तीच शाल त्यांच्या डोक्यापर्यंत ओढली, तेव्हा मी पुढे होऊन ती तोंडावरून खाली सारली. "झाकू नका," एवढंच म्हणाले.