द्वारकामावशीची बोटं आणि अण्णांचं तेल

द्वारकामावशीचे माझ्यावर फार उपकार आहेत. ते काही फिटायचे नाहीत, म्हणून निदान सांगून तरी टाकतो.

वडीगोद्रीला महामार्गाच्या कडेला, रसवंतीच्या शेजारी, पत्र्याचं एक गॅरेज आहे. पाटीवर नाव कारभारीचं. कारभारी म्हणजे मावशीचा नवरा. हाताला असा गुण की गंजलेला बोल्टसुद्धा त्याचं ऐकतो. पण तीस वर्षं ट्रकच्या इंजिनांत डोकं घालून बिचाऱ्याचे कान गेले. इंजिनाचा मिस्त्री आणि ऐकू येत नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक कशाला थांबतंय? मावशी तोवर फक्त सुटे भाग डिझेलमध्ये धुऊन द्यायची. मात्र धुता धुता येणारी गाडी कशी वाजते आणि दुरुस्त होऊन जाताना कशी वाजते, हे ती इतकी वर्षं ऐकतच होती. एक दिवस तिनं नवऱ्याच्या खांद्यावर बोटांनी ठेका धरला, समोरचं इंजिन वाजत होतं अगदी तसाच. कारभारीनं डोळे मिटले आणि बिघाड बराबर सांगितला. तेव्हापासून त्या गॅरेजात कान तिचे आणि हात त्याचे. आवाज इंजिनाच्या वरच्या अंगाचा असेल तर ती बोटांच्या टोकांनी वाजवते, खालच्या अंगाचा असेल तर मुठीनं. लोक बघत उभे राहतात. ते तिला खपत नाही. "गाडी दाखवायची तर दाखवा, न्हाईतर रस पिऊन घ्या," असं सरळ तोंडावर म्हणते.

आमची गाडी डिझेलची, सतरा वर्षांची. माझे वडील रामकिसन, म्हणजे आमचे अण्णा, त्यांना दर मंगळवारी आणि शुक्रवारी शहागडहून जालन्याला डायलिसिसला न्यावं लागतं. मशीनवरून उतरल्यावर त्यांना उभं राहवत नाही, त्यामुळं एसटी जमत नाही. मागच्या सीटवर आडवं करून आणतो. त्यांचं दिवसाचं पाणी एका बाटलीत ठरलेलं. आईनं बाटलीवर रेघा मारल्यात, सकाळी या रेघेपर्यंत, दुपारी त्या. उन्हाळ्यात अण्णा त्या बाटलीकडं कसे बघतात ते माझ्यानं बघवत नाही.

बुधवारी शाळेतून आलो तर अण्णा अंगणात, हात कोपरापर्यंत काळे. तीस वर्षं स्वतःच्या ट्रॅक्टरचं तेल स्वतः बदललेला माणूस. मी घरी नाही असं बघून त्यांनी गाडीचंही बदललं होतं. कित्येक महिन्यांनी चेहरा खुलला होता. गाडी फिरवून आणतो म्हणून मी निघालो, आणि तीनेक किलोमीटरवर इंजिन टकटक करायला लागलं. आवाज वाढतच गेला. ओळखीच्या एका मेकॅनिकला फोनवरून ऐकवला. तो म्हणाला, "बेअरिंग गेलं. इंजिन उतरवावं लागेल, महिना धरा."

मला राग आवरत नाही. गणिताचा मास्तर आहे, शाळेतली पोरं मला मागं काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. घरी येऊन मी अण्णांवर ओरडलो, "कुणी सांगितलं होतं तुम्हाला हात लावायला? गप बसून राहता येत न्हाई का?"

अण्णा बराच वेळ हात धूत राहिले. जेवताना म्हणाले, "शुक्रवारपासून मी न्हाई यायचा. गाडी इकून टाक. माझ्यापायी लई झालं तुमचं."

डायलिसिस सोडल्यावर माणूस किती दिवस काढतो, हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. आईनं विनवलं, मी भाड्याची गाडी करू म्हणालो. अण्णा बधले नाहीत.

गुरुवारी मी रजा टाकली आणि गाडी हळूहळू वडीगोद्रीला घेतली. अण्णांनाही बसवलं. "तुम्ही बिघडवली ना, मंग तुम्हीच चला," असं म्हणालो. तेही रागातच.

मावशीनं गाडी चालूच ठेवायला लावली. "का वाजून राह्यली ही? सुरू केल्या केल्या वाजती का मागून?"

मी तोंड उघडलं तशी ती म्हणाली, "तुमाला न्हाई इचारलं सर. अण्णाला इचारलं."

अण्णा चाचरत म्हणाले, "मागून. आधी तीन-चार किलोमीटर गप ऱ्हाती."

"तेल कुणी बदललं?"

"म्या," अण्णा म्हणाले आणि खाली बघू लागले.

मावशीनं हातभर लांब सळई घेतली. एक टोक इंजिनाला, दुसरं कानाजवळ. इथं टेकव, तिथं टेकव. दुसरा हात कारभारीच्या खांद्यावर. माझं सगळं लक्ष त्या हातावर. मूठ वळली म्हणजे आवाज खालचा, म्हणजे बेअरिंग गेलं, गाडी गेली, शुक्रवार गेला. बोटांची टोकं वाजू लागली. टक टक टक, भराभर. सळई खाली गेली, तेलाच्या चेंबरपाशी. हात थांबला. मूठ काही वळली नाही.

"वरचं हाय!" कारभारी ओरडला. ऐकू येत नाही म्हणून तो कायम ओरडूनच बोलतो, रसवंतीवाल्यानंही वळून पाहिलं. "तेलात हवा! पट्टी बघ!"

गाडी बंद करून थोडं थांबलो. मग मावशीनं तेल मोजायची पट्टी ओढली. तेल वरच्या खुणेच्या दोन बोटं वर, आणि त्यावर फेस. ती पट्टी आदल्या दिवशी मीही बघितली होती. तेल भरपूर आहे म्हणून उलट निश्चिंत झालो होतो.

"तेल इतकं वर आलं की आतला क्रँक त्याला घुसळतो, ताकावानी," मावशी म्हणाली. "फेस वर चढतो. वरच्या टॅपेटला तेलाऐवजी हवा मिळती, मंग ते बोंबलत्यात."

"आणि बेअरिंग?"

"बेअरिंगला काय धाड भरली!" मग अण्णांकडं वळून म्हणाली, "किती वतलं अण्णा?"

"पाच लिटरचा डबा. आन् घरात उरलेलं लिटरभर."

लागतं साडेचार. मला राहवलं नाही. "पट्टीवर खूण असती ना अण्णा! दिसली न्हाई का?"

"दिसली की," अण्णा म्हणाले. "मला रोज रेघ बघून पाणी मिळतं. म्हन्लं, हिला तरी पोटभर मिळू दे. मलाच तर घेऊन जाती."

काल मी कुणावर ओरडलो होतो ते मला तेव्हा कळलं. लाज वाटली, डोळे भरून आले, आणि मी उगाच रसवंतीकडं बघत राहिलो.

मावशीनं पाना उचलला आणि अण्णांच्या हातात दिला. "तेल नवं हाय, चांगलं हाय, वाया न्हाई घालवायचं. तुमीच काढा जास्तीचं. ह्यांना जरा काम हाय." कारभारी दोन्ही हात कमरेवर ठेवून मोकळाच उभा होता. मी म्हणायला गेलो की अण्णांना झेपणार नाही, तर तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी वर्गातल्या पोरासारखा गप्प झालो.

गाडीखालच्या खड्ड्याच्या तीन पायऱ्या अण्णा कारभारीचा हात धरून उतरले. डाव्या हाताला डायलिसिसच्या सुईची जागा, म्हणून उजव्या हातानं तेलाचा बोल्ट सैल केला. थोडं तेल काढलं, बोल्ट आवळला, मावशीनं वरून पट्टी बघून सांगितलं, पुन्हा थोडं काढलं. तिसऱ्या खेपेला तेल खुणेवर आलं. खालून अण्णांचं हसू ऐकू आलं. "माझ्यावानीच झालं की हिचं. जास्तीचं काढलं की बरं वाटतं."

फेस बसू दिला, मग गाडी दहा किलोमीटर पळवून आणली. टकटक नाही. मावशीनं पुन्हा सळई लावली, आणि दुसरा हात या वेळी अण्णांच्या खांद्यावर ठेवला. "बघा अण्णा, आता अशी चालून राह्यली." तिची बोटं संथ, एकसारखी पडत होती. अण्णांनी कारभारीसारखेच डोळे मिटले.

परत येताना मी मनात वाक्यं जुळवत होतो. शहागड आलं तेव्हा एवढंच म्हणालो, "चुकलं माझं, अण्णा."

ते बाहेर बघत होते. तिकडंच बघत म्हणाले, "उद्या किती वाजता निघायचं?"

"सहाला."

"मंग मला साडेपाचला उठव. निघायच्या आधी पट्टी बघावी लागंल."