तीन बोटांची आजी

धवला सुरू करण्याआधी आजी उजव्या हाताची तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांमध्ये घालायच्या. बोटं आत गेली की मांडवाकडे बघून म्हणायच्या, "तीन. चला, बसा."

मानपाड्यातल्या जुन्या गावातलं एखादं लग्न तुम्ही पाहिलं असेल, तर धवलारीण तुम्हाला ठाऊक असेल. धवले, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, गाऊन विधी लावणारी बाई. आमच्या इमारतीच्या मालकीणबाई, म्हणजेच आजी, या गावच्या धवलारीण होत्या.

आमंत्रण द्यायला आलेले लोक त्यांच्या हातावर सुपारी ठेवत. आजी ती तिथल्या तिथे अडकित्त्याने फोडून तुकडा तोंडात टाकत. मग ते लग्न त्यांचं. तंबाखूला त्यांनी कधी हात लावला नाही, पण सुपारी दिवसभर चाले. आधी तिखट झोंबू लागलं, मग गाल आतून आवळत गेले, शेवटी तोंडात एक बोट कसंबसं जाई. त्याच सुमारास नातीचं लग्न ठरलं. तिने बजावलं, "आजी, तू गाणार नसशील तर मी कोर्टात सही करून मोकळी."

माजिवड्याच्या डॉक्टरांकडे मीही सोबत गेलो. गालांतले आवळलेले पट्टे लेझरने मोकळे करता येतील, रक्त फार जाणार नाही, पण सुपारी कायमची बंद आणि तोंडात तीन बोटं उभी मावेपर्यंत व्यायाम रोज, असं त्यांनी सांगितलं. आजींनी एकच विचारलं, "गाना येल ना?"

"तोंड मी उघडून देतो," डॉक्टर म्हणाले. "उघडं ठेवायचं तुम्ही."

लेझर झाल्यावर आजी ओटीवर दातांमध्ये आइस्क्रीमच्या लाकडी काड्या रचून बसलेल्या दिसत. डोळ्यांतून पाणी वाहत असे. काडी वाढवायची वेळ आली की भाडेकरूंना आइस्क्रीम खाण्याचा हुकूम सुटे. काड्या बाहेर येत त्या फक्त शेजारणीला उत्तर द्यायला.

नात रीतीप्रमाणे सुपारी घेऊन आली, तेव्हा घरातल्या सगळ्यांचे डोळे अडकित्त्यावर होते. सुपारी घेतल्याशिवाय धवला नाही, आणि घेतली की ती खायचीच, अशी आजींची जन्माची सवय. आजींनी सुपारी हातात फिरवली, वास घेतला, कपाळाला लावली आणि देव्हाऱ्यात तांदळांवर ठेवली.

"पूजेला सुपारीचाच गनपती मांडतान ना? मंग देव कोन चावतं?"

लग्नाच्या दिवशी तीन बोटं आत गेली, आणि नातीच्या लग्नात त्या गायल्या. पुढेही गात राहिल्या, आणि देव्हाऱ्यात गणपतींची दाटी होत गेली.

मागच्या वर्षी आजी झोपेतच गेल्या. देव्हाऱ्यातली शेवटची सुपारी धाकट्या नातीच्या लग्नाची होती. ते लग्न आजींच्या माघारी लागलं; मांडवात गणपती म्हणून तीच मांडली. कुणीतरी स्पीकर बंद केला. धवल्याची वेळ झाली होती.

थोरली नात पुढे येऊन बसली. तिने आयुष्यात सुपारी खाल्लेली नाही. तरी तिने तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घातली.

"तीन," ती म्हणाली. "चला, बसा."