एक मीटरचे साडू

पाण्याच्या इतक्या जवळ जाऊन इतका कोरडा राहिलेला माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात आमच्या साडूंशिवाय दुसरा सापडणार नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. डोंबिवलीत राहतात, बँकेतून निवृत्त झालेत आणि रिमोटवर चालणाऱ्या शिडाच्या बोटी बनवतात. 'चालवतात' असं मी मुद्दाम म्हणत नाही. रिमोट म्हटलं की लोकांना वाटतं, बटण दाबलं की निघाली भुर्रकन. तसं कुणी बोललं तर साडू त्याच्याकडे असं बघतात, जणू त्याने देव्हाऱ्यात चपला काढल्या. या बोटीला मोटर ढकलत नाही. रिमोटने शीड ओढायचं-सोडायचं, सुकाणू वळवायचं, बाकी सगळी वाऱ्याची मर्जी. आणि आमच्याकडचा वारा म्हणजे गच्चीतला रुमाल हलवायचाही त्याला कंटाळा.

बरं, एखादी बोट बनवून माणूस थांबला असता तर मी हा कागद वाया घालवला नसता. साडूंना बोटींपेक्षा बोटींचे वर्ग प्यारे. 'फूटी' म्हणजे फूटभराच्या खोक्यात मावेल ती. 'मार्बलहेड' पन्नास इंचांची. 'टेन रेटर'मध्ये लांबी आणि शिडाचं क्षेत्रफळ यांचं काहीतरी गणित जमावं लागतं. 'ए क्लास' इतकी अवजड, की ती त्यांच्या हॉलमधल्या सोफ्यावर आडवी असते आणि पाहुणे प्लास्टिकच्या स्टुलांवर बसतात. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात यांनी व्याह्यांना कोपऱ्यात गाठून टेन रेटरचं सूत्र समजावलं. व्याही मुलाकडचे असूनही तासभर मुकाट मान डोलावत होते. लग्न मोडलं नाही, हे माझ्या मुलीचं नशीब. आणि या सगळ्यांत लाडकी ती 'वन मीटर'. बोट एक मीटरपेक्षा तसूभरही लांब चालत नाही, नाकावर रबराचा तुकडा सक्तीचा. हे नियम साडूंना अथर्वशीर्षापेक्षा जास्त पाठ आहेत.

दर रविवारी सकाळी कल्याणच्या काळ्या तलावावर जायचं आणि सोबतीला मी, कारण बायकोचा हुकूम. तिथे कधीमधी दुसरा एखादा बोटवाला उगवायचा. एकदा ठाण्याहून एक इंजिनियर पासष्ट सेंटिमीटरची तयार बोट घेऊन आला आणि हौसेने म्हणाला, चला काका, लावू या शर्यत. साडू म्हणाले, वर्ग वेगळा. एकाने मार्बलहेड आणली, तेव्हा साडूंकडची मार्बलहेड घरी आणि हातात वन मीटर. पुन्हा वर्ग वेगळा. सोयरीक जुळवणाऱ्या जुन्या म्हाताऱ्यांनीसुद्धा इतकं कूळ पाहिलं नसेल. अशी अकरा वर्षं गेली. शर्यत एकही नाही. एकदा मी वैतागून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, मला एकच हवी आहे, पण खरी. एका वर्गाच्या दोन बोटी, एका वाऱ्यात. गुडघे पार जायच्या आत. त्यांच्या तोंडून काही मागणं ऐकायची ती माझी पहिली वेळ. मी अर्थातच हसलो.

गेल्या वर्षी आंबिवलीचे एक निवृत्त फिटर तलावावर फिरायला आले, साडूंची बोट पाहून भारावले, नियमांचे कागद मागून घेऊन गेले आणि वर्षभरात स्वतःच्या हातांनी वन मीटर बनवून हजर झाले. शर्यतीच्या आदल्या दिवशी साडूंनी मला पाच फोन केले. सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. तलावाला काय कळतंय?

शर्यतीआधी मोजमाप. साडूंनी पिशवीतून पोलादी पट्टी काढली आणि फिटरांच्या बोटीला लावली. मग कीव करत म्हणाले, एक सेंटिमीटर कमी भरतेय. नियमात बसते, पण फुकटची लांबी घालवलीत. ज्याचा जन्म मोजण्यात गेला, त्याला हे झोंबलं. फिटरांनी स्वतःचा टेप लावला. बरोबर एक मीटर. मग त्यांनी साडूंची पट्टी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, टेपशेजारी धरली.

"साहेब, ही कुठून आणलेली?"

"वडिलांची आहे. ठाण्याला फाउंड्रीत ओतकामासाठी लाकडी पॅटर्न बनवायचे ते."

"मग बरोबर. ही साधी पट्टी नाय. ओतलेलं लोखंड थंड झालं की आकसतं ना, म्हणून हिच्यावरचा मीटर मुद्दाम सेंटिमीटरभर मोठा ठेवतात. साच्यासाठी असते ही."

साडूंची बोट याच पट्टीने बनलेली. टेप लावला: एक मीटर, एक सेंटिमीटर. नियमाबाहेर. फिटर लगेच म्हणाले, नाकावरचं रबर काढून टाका, जमतंय. साडू म्हणाले, रबर सक्तीचं आहे. साडू स्वतःच नियमात अडकतील, या क्षणाची मी अकरा वर्षं वाट पाहिलेली, आणि आला तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना. मी चक्क गयावया केली, सोडा हो, कोण बघतंय.

त्यांनी टेप गुंडाळून फिटरांना परत दिला. मग म्हणाले, "म्हणजे ही आता कुठल्याच वर्गाची नाही."

"नाय," फिटर म्हणाले.

"मग कुणाहीबरोबर सोडायला हरकत नाही."

पँट गुडघ्यापर्यंत दुमडून साडूंनी बोट पाण्यात ठेवली. वारा बेताचा होता. पलीकडच्या पायरीला वळसा घालून परत यायचं ठरलं. साडू वळणावरच मागे पडले आणि चांगले सात-आठ हातांनी हरले. पुन्हा लावली, पुन्हा हरले. फिटर 'तिसऱ्यांदा लावू या' म्हणाले तेव्हा यांनी आधीच बोट वळवली होती.

परतताना रिक्षात ते पट्टी मांडीवर आडवी धरून बसले होते. पत्री पूल आला तेव्हा म्हणाले, "वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. हिचं मोठा झाल्यावर सांगू, असं ठरवलं असेल त्यांनी." माझ्या जिभेवर एक टोमणा तयार होता. तो मी गिळला आणि त्यांचे ओले पाय पुसायला माझा रुमाल पुढे केला.