पडद्यावरचा लिलाव

आमच्या घरात कॉम्प्युटर बिघडला की 'काय झालं' असं कोणी विचारत नाही. 'कोणी हात लावला होता' हेच आधी विचारतात. त्या वेळी हात सासऱ्यांनी लावला होता. त्यांनी लगेच कबूल केलं आणि माझ्या नवऱ्याने उभ्या उभ्या निकाल दिला, "बाबा, आजपासून तुम्ही कॉम्प्युटरवर बसायचं नाही."

मला असा राग आला की हातातला कणकेचा उंडा मी परातीत आपटला. चूक झाली हे मलाही दिसत होतं. पण शिक्षा भलत्यालाच होत होती.

सासऱ्यांचा सगळा जन्म विंचूरजवळच्या गावात कांदा पिकवण्यात गेला. गुडघ्यांनी दगा दिल्यावर ते नाशिकला आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. शेती धाकटा दीर बघतो. तरी शेतावरच्या कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ कांदा बाजारात कधी न्यायचा, हे अजून सासरेच ठरवायचे. मोबाइलची बारीक अक्षरं त्यांना दिसत नाहीत. म्हणून मी कॉम्प्युटरवर बाजारभावाची वेबसाइट अक्षरं मोठी करून लावून दिली होती. सकाळी चहा झाला की ते चष्मा पुसून बसायचे, आसपासच्या सगळ्या बाजारांचे भाव डोळ्यांखालून घालायचे आणि दिराला फोन करायचे. "थांब जरा, अजून चढंल," नाहीतर "भर ट्रॉली." एवढ्या एका फोनसाठी ते लवकर उठून दाढी करायचे. गाव सुटलं होतं, पण गावातला त्यांचा शब्द सुटला नव्हता.

त्या दिवशी भावाच्या तक्त्यावर अचानक एक चौकट आली. 'आजचे भाव पाहण्यासाठी प्रोग्रॅम अपडेट करा.' खाली हिरवंगार बटण आणि शेजारी उलटे पळणारे आकडे. ती जाहिरात होती, पण तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. सासऱ्यांनी बटण दाबलं. पुढे कॉम्प्युटरने जे जे विचारलं त्याला हो म्हटलं.

दोन-तीन दिवसांत पडद्यावर जुगाराच्या जाहिराती नाचायला लागल्या. मग भोंगा वाजायला लागला आणि 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, या नंबरवर फोन करा' अशी धमकी आली. त्यातून नवऱ्याच्या ईमेलवरून त्याच्या ऑफिसात भलतीसलती पत्रं गेली. साहेबाने सगळ्यांसमोर विचारलं. नवऱ्याचा संताप मला कळत होता. तो बापावर काढायची मात्र काही गरज नव्हती.

"पण तुम्ही थांबून मला विचारलं का नाही?" मी सासऱ्यांना नंतर एकटं गाठून विचारलं.

"आकडे पळत होते ना पोरी," ते म्हणाले. "लिलावात व्यापारी ट्रॉलीपाशी येतो, भाव पुकारतो. तू विचार करत बसली का तो गेला पुढच्या ट्रॉलीवर. हो म्हणायचं ते तवाच म्हणावं लागतं. लय वर्षांची सवय हाय."

शहरातल्या कुठल्याही माणसाने ती चौकट कंटाळून बंद केली असती. यांनी आयुष्यभर जे शहाणपण कमावलं होतं, नेमकं त्यालाच कोणीतरी गळ लावला होता.

आता भाव दीर स्वतःच मोबाइलवर बघायला लागला. सकाळचा फोन बंद झाला. सासरे चहा घेऊन गॅलरीत बसायचे आणि खालच्या पार्किंगकडे बघत राहायचे. दाढी वाढली. नवरा म्हणाला, "बघ, किती शांत झालेत." मी म्हटलं, "शांत नाही, गार पडलेत. डोळे उघडून बघा."

मग मीच पदर खोचला. मी शाळेत गणित शिकवते, कॉम्प्युटरची डॉक्टर नाही. पण वाचता येतं, आणि चिडले की माझं वाचन फार नीट होतं. त्या धमकीतल्या नंबरवर मी फोन केला नाही. आधी इंटरनेटची वायर काढली. घरचे फोटो वेगळ्या डिस्कवर होते, ती एरवी कपाटातच असते, म्हणून वाचली. मग कॉम्प्युटर पार पुसून सगळं नव्याने बसवलं. नवऱ्याला त्याचे सगळे पासवर्ड त्याच्या मोबाइलवरून बदलायला लावले. खरी अपडेट्स आपोआप येतील अशी सोय केली आणि जाहिराती अडवणारा प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये टाकला. सासऱ्यांसाठी वेगळं खातं उघडलं. त्या खात्यातून माझ्या पासवर्डशिवाय नवीन काही सहज बसणार नाही. नवरा म्हणाला, "एवढा खटाटोप कशाला? चांगल्या साइटवरच जायचं." मी म्हटलं, "कांद्याचा भाव बघणं हे वाईट काम आहे का?"

वाचता वाचता मला एक गोष्ट कळली, ती मी गॅलरीत जाऊन सासऱ्यांना सांगितली. आपण पान उघडतो ना, तेवढ्या क्षणात त्यावरच्या जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो. जो जास्त बोली लावतो त्याची जाहिरात आपल्यासमोर येते. वेबसाइटवाल्यालाही पुष्कळदा ठाऊक नसतं की कोणती येणार.

सासरे ताठ बसले. "लिलाव? अन् माल कोण तपासतं?"

"तपासतात म्हणतात. पण सुटतं बरंच."

"वा रे वा!" एवढ्या दिवसांनी त्यांचा आवाज चढला. "माझ्या ट्रॉलीत चार सडके कांदे निघाले तर भाव पाडायचे. सगळ्या बाजारासमोर बोलायचे. अन् हे चोर बिनतपासणीचे थेट घरात? अन् वर भोगायचं आम्ही?"

मला बरं वाटलं. निदान राग तरी योग्य पत्त्यावर गेला होता. पण "चला, बसा आता" म्हटलं तर त्यांनी मान हलवली. "नको. पुन्हा माझ्या हातून काही झालं तर त्याच्या नोकरीवर यायचं."

रविवारी नवरा घरी असताना मी मुद्दाम विषय काढला. सासरे शेजारीच होते. नवरा म्हणाला, "अगं, त्यांना जमत नाही, तर कशाला भरीला पाडतेस?"

"जमत नाही?" मी म्हटलं. "तुमचं शिक्षण ज्या कांद्यावर झालं, तो यांनीच विकला ना? चोराने फसवलं म्हणून आपण आपल्याच माणसाला कोंडून ठेवायचं? मग चोराचं काय बिघडलं? मला हे मान्य नाही. कॉम्प्युटर पुन्हा बिघडला तर मी पुन्हा पुसून बसवीन. पण बाबा या घरात कोणाची परवानगी मागून बसणार नाहीत."

मी सासऱ्यांकडे वळले. "बाबा, लिलावात नुसतं हो म्हणायचं असतं का? कधी नाही म्हटलंच नाही तुम्ही?"

ते मिशीत हसले. "म्हटलं की. एकदा इतका पडता भाव पुकारला, की मी म्हटलं, नाय द्यायचा. भरली ट्रॉली माघारी घेऊन गेलो. सगळा बाजार हसत होता. हसू दे."

"मग?"

ते उठले. गुडघ्यावर हात टेकत खुर्चीपर्यंत आले आणि बसले. नवरा आणि ते यांच्यामध्ये मी उभी होते, पण नवरा पुढे आलाच नाही. भावाचं पान उघडलं. तक्ता दिसायच्या आत वरच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट उगवली. ही वेबसाइट तुम्हाला सूचना पाठवू इच्छिते, परवानगी द्यायची का? नवऱ्याने श्वास आत घेतला. मी हाताने त्याला थांबवलं. सासऱ्यांनी चौकट शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली, सावकाश, ओठ हलवत. मग बोट उचललं आणि नकाराच्या बटणावर असं दाबलं की माउस टेबलावर वाजला.

"नाय द्यायची," ते म्हणाले, आणि मागे न बघता हात पसरून मुलाला म्हणाले, "फोन दे. धाकट्याला लाव."