स्टेशन गेलं

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. कोणी माझ्या क्लासबद्दल विचारलं की मी रंगात येऊन बोलायचो आणि बोलता बोलता एका माणसापाशी पोचलो की चहा मागवायचो. आता क्लास बंद आहे, चहा डॉक्टरांनी बंद केला आहे, आणि खोटं सांभाळायला जी स्मरणशक्ती लागते तीही पूर्वीसारखी राहिलेली नाही. तेव्हा लिहून टाकतो.

नागपूरच्या धरमपेठेत एका औषधाच्या दुकानावर माझा क्लास होता. एमबीएच्या प्रवेश परीक्षेची तयारी. दर रविवारी सराव परीक्षा व्हायची, आणि त्या वेळी मुलांवर लक्ष ठेवायला मला एक माणूस हवा होता. तो आला. टपाल खात्यातून निवृत्त झालेला, दहावी पास. सारी नोकरी रेल्वेच्या डाकेच्या डब्यात, धावत्या गाडीत पत्रं वेगळी करण्यात गेलेली.

"पोट्ट्यायनं एकमेकाचं पाहाचं नाही, एवढंच ना सर?" त्यानं विचारलं.

"एवढंच."

"होऊन जाइन."

कच्च्या कामाचे कोरे कागद तो वाटायचा नाही, फेकायचा. दारात उभा राहून मनगटाचा एक झटका, की कागद तिसऱ्या रांगेतल्या टेबलावर अलगद जाऊन बसायचा. मुलं मुद्दाम उशिरा यायची, कागद पुन्हा फेकायला लावायला. मी रागवायचो. तो म्हणायचा, "फेकू द्या सर, हात गंजून राहिले."

ज्यांना या परीक्षेची कल्पना नाही त्यांना थोडं सांगायला हवं. तिचे तीन भाग असतात. पहिला भाषेचा, दुसरा तर्काचा आणि तक्त्यांचा, तिसरा गणिताचा. प्रत्येकाला चाळीस मिनिटं. चाळीस मिनिटं झाली की तो भाग संगणकावर आपोआप बंद होतो. मागे जाता येत नाही, आणि एखाद्यानं वेळेआधी सोडवलं तरी पुढे जाता येत नाही. बरोबर उत्तराला तीन गुण, चुकलं तर एक कापला जातो. काही प्रश्नांना पर्यायच नसतात, उत्तर स्वतः टाइप करायचं, तिथे चुकलं तरी कापत नाहीत. गणित फार कठीण नसतं हो. कठीण असतं ते हातात आलेला प्रश्न सोडणं. हुशार मुलांना तेच जमत नाही. आयुष्यभर पैकीच्या पैकी आणलेली मुलं एका प्रश्नाला मिठी मारून बसतात आणि बाकीचा पेपर समोरून निघून जातो.

हे सगळं मी त्याला पहिल्या दिवशी समजावलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे आमचीच गाडी."

डाकेच्या डब्यात, त्यानं सांगितलं, समोर गावागावांचे लाकडी खाने असायचे, पत्ता पाहून पत्र त्या खान्यात फेकायचं. पुढचं स्टेशन यायच्या आत त्या गावची थैली बांधून तयार पाहिजे. स्टेशन आलं की थैली खाली. जे पत्र राहिलं ते पुढं गेलं, त्याच्यासाठी गाडी मागे येत नाही. तेव्हापासून चाळीस मिनिटं संपली की तो दारातून ओरडायचा, "स्टेशन गेलं!" सगळा वर्ग हसायचा, अगदी ज्यांचा पेपर वाईट गेला तीही.

एकदा जरीपटक्याची एक मुलगी तर्काच्या भागात अडकली. प्रश्न नेहमीचा. आठ माणसं गोल टेबलाभोवती बसली आहेत, कोण कोणाच्या शेजारी ते सांगा. बारा मिनिटं ती त्या आठ जणांना उठवत होती आणि बसवत होती. हा मागे जाऊन उभा राहिला. मुलांच्या माना पाहून त्याला कळायचं कोण अडकलंय.

"आठ जणं मजेत जेवाले बसले," तो हळूच म्हणाला, "तू काहून उपाशी मरून राहिली वं?"

मुलगी हसली आणि हसता हसता रडायला लागली. परीक्षा संपल्यावर त्यानं तिला बाकावर बसवलं. मी शेजारच्या खोलीत होतो, भिंत पातळ होती.

"तू कागद वाचून राहिली. वाचाचं नसते. पत्ता पाहाचा असते. मी पत्रं वाचत बसलो असतो त नागपूरची डाक आजून इटारसीतच असती. प्रश्नाकडे पाह्य, खाना ठरव, फेक. तीनच खाने. आत्ता, मंग, राहू दे. पहिल्या चक्करमध्ये फक्त 'आत्ता'. मंग 'मंग'. आन् 'राहू दे'ले हातच नाही लावाचा, तो दुसऱ्याच्या गावचा माल."

"पण काका, सोडलेला प्रश्न सोपा निघाला तर?"

"निघू दे. त्याले वाईट वाटन, तुले काहून वाटून राहिलं?"

संगणकावर उजवीकडे प्रश्नांच्या क्रमांकांचे छोटे चौकोन असतात. सोडवलेला हिरवा, नंतरसाठी ठेवलेला जांभळा. ते तिनं त्याला दाखवले तेव्हा तो मोठ्यानं म्हणाला, "अरे, हे त आमचे खाने! रंग मारून ठेवले सायच्यांनी!"

दोन महिन्यांत त्या मुलीचे गुण इतके वाढले की मी तिला बोलावून कारण विचारलं. तिनं सगळं सांगितलं. मी मान डोलावली आणि पुढच्या सोमवारी वर्गात फळ्यावर तीन चौकोन काढले. वर लिहिलं, 'तीन खान्यांची पद्धत'. नंतर ते माहितीपत्रकात छापलं, खाली माझं नाव. एका पालकसभेत तर मी असंही म्हणालो की ही पद्धत मला अनेक वर्षांच्या चिंतनातून सुचली. चिंतन भिंतीला कान लावून झालं होतं, हे सांगितलं नाही.

त्यानं माहितीपत्रक पाहिलं. दोन्ही बाजूंनी पाहिलं. म्हणाला, "छपाई मस्त आहे, सर."

मग थोड्या दिवसांनी, कागदांचा गठ्ठा नीट करता करता त्यानं एकच गोष्ट मागितली. "मले चाळीस मिनिटं द्या ना सर, एखाद्या रविवारी. एक सेक्शन. मी शिकवतो. माह्या पोरीले वाटते मी इथं चौकीदार आहो."

मी लगेच हो म्हणालो. मन हलकं झालं. नव्या तुकडीचा पहिला रविवार ठरला.

तुम्ही त्याची तयारी पाहायला हवी होती. बुटांच्या खोक्यांचे त्यानं तीन खाने केले, वर पांढरा कागद चिकटवला. पन्नास पोस्टकार्डांवर पन्नास प्रश्न स्वतःच्या अक्षरात उतरवले. औषधाच्या दुकानदारालाच विद्यार्थी करून दोनदा तालीम केली. "तो नापास झाला," मला येऊन सांगितलं, "पण डोकेदुखीची गोळी फुकट दिली." त्या रविवारी तो नवा पांढरा शर्ट घालून आला. भिवापूरहून त्याची मुलगी आणि जावई सकाळच्या बसनं आले होते. ती दोघं शेवटच्या बाकावर बसली.

पण नवी तुकडी म्हणून पालकही आले होते. दारातच एका गृहस्थानं खोक्यांकडे बोट दाखवून मला विचारलं, "हे शिकवणार? यांनी एमबीए कुठून केलं?"

तो माझ्या शेजारीच उभा होता. एका वाक्याचं काम होतं. पण समोर फी भरायला आलेले तीस पालक होते, आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही नाही, हे आमचे व्यवस्था बघणारे. साहित्य घेऊन आलेत. तास मीच घेणार."

आणि मी घेतला. त्याच्या खोक्यांवर, त्याच्या पोस्टकार्डांवर, त्याच्या गाडीच्या उदाहरणासकट. तो बाजूला उभा राहून मला एकेक कार्ड देत होता. मी ते खान्यात टाकायचो, दोनदा खाली पडलं. दोन्ही वेळा त्यानं वाकून उचललं. चाळीस मिनिटं झाली तेव्हा तो सवयीनं म्हणाला, "स्टेशन गेलं!" पालकही हसले. मी शेवटच्या बाकाकडे पाहिलं नाही.

जाताना त्याच्या मुलीनं माझ्या हातात भिवापुरी मिरच्यांची पिशवी दिली. "बाबा म्हणत होते, सरांले द्याच्या. जपून खा, तिखट आहेत." त्या मिरच्या आमच्या घरी वर्षभर पुरल्या. रोज.

पुढच्या रविवारी तो वेळेवर आला. कागद फेकले. त्या तासाबद्दल एक अक्षर बोलला नाही, आणि मीही नाही. दोनेक वर्षांनी गुडघ्यांमुळे तो मुलीकडे भिवापूरला राहायला गेला. मग मीही क्लास आवरला आणि रिकाम्या वेळात त्याला एक पत्र लिहिलं. पोस्टात टाकायचा धीर होईना, म्हणून ते घेऊन स्वतःच भिवापूरला गेलो.

मला पाहून तो इतका खूश झाला की माझं अवसान गेलं. पहिला प्रश्न, "या साली पॅटर्न बदलला का सर?" मी खिशातून पाकीट काढून दिलं. त्यानं ते उघडलं नाही. तळहातावर तोललं. मग पत्ता पाहिला.

"पिन नाही टाकला, सर."

"हातातच तर देतोय."

"मंग बोला ना. आले आहा, समोर बसले आहा, पत्र काहून?"

मी बोलायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली. तिच्यासमोर मी यंदाच्या मिरच्यांची चौकशी करत बसलो. त्यानं पाकीट परत माझ्या खिशात ठेवलं.

"डाकेनं पाठवा, सर. जिंदगीभर लोकाईची पत्रं फेकली, मले कोणाचं आलं नाही. पिन टाका मात्र. मी वाट पाहून राहिलो, बरं का."

घरी येऊन मी पिनकोड लिहिला. तिकीट लावलं. मग वाटलं, दुसरा परिच्छेद जरा नीट करावा, त्यात माझ्या सबबी फार झाल्या आहेत. पाकीट टेबलाच्या खणात ठेवलं. 'मंग'च्या खान्यात. उन्हाळा गेला, दिवाळी गेली. संक्रांतीच्या सुमारास त्याच्या मुलीचा फोन आला. बाबा गेले म्हणाली. झोपेतच गेले. मग म्हणाली, "पोस्टमन आला की दारात जाऊन बसत होते. तुम्ही काही पाठवणार होते का, सर?"

मी म्हणालो, "हो."

पाकीट मी आज फोडलं. सबबींचा परिच्छेद खोडून टाकला. उरलं ते एवढंच:

आदरणीय सर,

तीन खाने तुमचे होते. तो रविवार तुमचा होता. त्या दिवशी दारात जे म्हणायला हवं होतं ते आता लिहितो. मंडळी, आजचा तास हे सर घेणार आहेत, आणि मागे बसली आहे ती यांची मुलगी. मी ते म्हणालो नाही. मला माफ करा.