मटणाच्या सोडतीवरचा मनोरा

कुराविला गावाला फुकट टीव्ही दिसायचा तो क्लॅरी पास्कोच्या कृपेने, असं निदान क्लॅरी पास्कोचं मत होतं. शहरातलं प्रक्षेपण त्या उजाड माळापर्यंत पोचत नसे. म्हणून गावानेच टेकडीवर मनोरा उभारला होता आणि दर शुक्रवारी पबमध्ये तिकिटं विकून मटणाच्या ताटाची सोडत काढून त्याचा खर्च भागवला जाई. निगा क्लॅरीकडे. काकाकुव्यांनी वायर कुरतडली की हा टेकडी चढे, पाखरांच्या सात पिढ्या उद्धरी, आणि खाली आला की कुणीतरी 'दमलास रे' म्हणावं म्हणून पबात उगाच हात झटकत उभा राही.

छपराछपरावर उपग्रहाच्या तबकड्या आल्या तेव्हा तो मनसोक्त हसला. पैसे भरून सिनेमे बघायची हौस, दुसरं काय! बातम्या आणि फुटबॉल शेवटी आपल्याच मनोऱ्यावरून येणार. त्या तबकडीवर तेच फुकटचे चॅनेल येतात, हे त्याला कुणी सांगितलं नाही. सोडत मात्र चालू राहिली. मटण चांगलं असे.

मग एका शुक्रवारी पबवाल्या नोरीनने सांगून टाकलं की यापुढे सोडतीचे पैसे गवतावर चेंडू घरंगळवणाऱ्या बोल्स क्लबच्या हिरवळीला जातील.

क्लॅरीने ग्लास खाली ठेवला. "ठीक आहे. फुटबॉलच्या फायनलच्या दिवशी मनोरा बंद. मग या माझ्या पाया पडायला."

"येऊ हो," नोरीन म्हणाली. तो दाराबाहेर पडतो न पडतो, तोच तो टेकडीवर किती वेळ बसेल यावर पैजा लागल्या.

फायनलच्या दुपारी त्याने टेकडीवर जाऊन मनोऱ्याचा खटका ओढला, घडीची खुर्ची मांडली आणि रस्त्याकडे डोळे लावून बसला. माफ करायचं, पण आधी किती ताणायचं, सगळं ठरलेलं होतं. रस्त्यावर धुरळा काही उठेना. तेवढ्यात खालून, साऱ्या घरांतून एकदम, गोल झाल्याची आरोळी वर आली. थोड्या वेळाने पुन्हा.

सामना संपून मोटारींचे भोंगे वाजेपर्यंत तो तसाच बसून राहिला.

घरी आला तेव्हा अंथरुणाला खिळलेली त्याची बायको वाल्मा टीव्हीच्या काळ्या पडद्यासमोर उशीला टेकून बसली होती. गळ्यात संघाचा मफलर. तबकडी नसलेलं घर गावात एकच होतं. क्लॅरीनेच ती घेऊ दिली नव्हती.

"सापडला का बिघाड?" तिने विचारलं. "मी म्हटलं, माझा माणूस वर गेलाय, आत्ता लागेल, मग लागेल. कोण जिंकलं रे?"

क्लॅरीला ते माहीत नव्हतं. विचारायला पबातच जावं लागणार होतं.